सोनिवलीच्या माळावर तबकडीची जात ठरली

गावी परत आल्यावर बायकांनी विचारलं, आक्का, मुंबईकडं जाऊन काय काय बघितलं? मी म्हटलं, मुंबईला गेलेच नाही. अंबरनाथला उतरले, तिथंच राहिले, उल्हासनगर आणि बदलापूर बघितलं आणि आले. समुद्र बघितला नाही, त्यामुळं त्याचं काही सांगता येणार नाही. मग एवढे दिवस केलं तरी काय? प्लास्टिकच्या एका ताटलीवरून चांगली शहाणीसुरती माणसं भांडत होती, ते बघितलं. कुणाला खरं वाटलं नाही. म्हणून हे लिहून काढते. मी चौथी शिकलेली आहे. लिहायला वेळ लागतो, पण लिहिता येतं.

बुवापाडा

माझी धाकटी बहीण शेवंता अंबरनाथला बुवापाड्यात राहते. तिचा नवरा कारखान्यात होता, तो आता हयात नाही. मुलगा-सून नोकरीसाठी नाशिकला असतात. शेवंताजवळ तिची नात राहते, प्रज्ञा. प्रज्ञा उल्हासनगरला प्लास्टिकच्या कारखान्यात साच्यांची चित्रं काढते, तीही कॉम्प्युटरवर. साच्याला तिकडं मोल्ड म्हणतात. बादली असो, डबा असो, त्याचा साचा आधी प्रज्ञाच्या कॉम्प्युटरवर उमटतो आणि मग लोखंडात कोरतात.

घर दोन खोल्यांचं आहे. भिंतीवर भगवान बुद्ध आणि बाबासाहेब. आमच्या माणदेशातलं घर मोठं आहे पण पाण्याच्या नावानं बोंब. इथं घर लहान, पण सकाळी नळाला पाणी येतं आणि अख्खी आळी भांडी घेऊन उठते. पाणी जाताना तोटी फुसफुसते, तेवढ्यात शेवंता शेवटचा तांब्या भरून घेते. मग भांड्यांवर झाकणं. ती झाकणं बघून मी चकित झाले. लहान हंड्यावर लाल ताटली, कळशीवर हिरवी, आणि मोठ्या हंड्यावर काहीच नाही.

"ही कसली गं झाकणं?" मी विचारलं.

"झाकणं न्हाईत आक्का. प्रज्ञीचा खेळ हाय. फुटल्या-तुटल्या की माझ्याकडं येत्यात."

संध्याकाळी प्रज्ञानं मला खेळ समजावून सांगितला. माळावर लोखंडी नळी उभी करायची, तिच्यावर सायकलची रिंग बसवायची, रिंगला साखळ्या लोंबकळत सोडायच्या आणि खाली टोपली. लांबून तबकडी फेकत फेकत जायचं आणि त्या साखळीत मारायची. कमी फेकीत ज्याची तबकडी टोपलीत पडेल तो जिंकला. डिस्क गोल्फ म्हणतात.

"मग पहिल्यापासनंच जवळ जाऊन का टाकत न्हाई?" मी म्हटलं.

"आजी, जवळूनच टाकली तर खेळ कसला मग?"

तबकड्या तीन प्रकारच्या. बोथट, अरुंद काठाची, खोलगट, ती जवळून टाकायची. तिला पटर म्हणतात. पातळ धारेची पण काठ रुंद, ती लांब जाते, तिला ड्रायव्हर. आणि दोन्हींच्या मधली, मिडरेंज. शेवंताचं वर्गीकरण वेगळं आहे आणि मला तेच लवकर कळलं. जी लहान हंड्यावर नीट बसते ती पटर. जी कळशीवरून सारखी घसरते आणि जिच्यावर वरवंटा ठेवावा लागतो ती ड्रायव्हर. मधली तिच्याकडं नव्हतीच, कारण मधल्या तबकड्या लवकर फुटत नाहीत म्हणे.

"आणि आता नवीन येते आहे," प्रज्ञा म्हणाली. "माझी. मी काढलेली. बाहेरच्या देशातून येते ती नाही, आपली, इथली. उद्या मोल्डमधून पहिला पीस निघणार. मग ती कुठल्या प्रकारातली ते ठरवायचं."

"न ठरवून काय अडतंय? फेका की."

तेव्हा तिनं खरी गोष्ट सांगितली. लछूशेठनं, म्हणजे तिच्या मालकानं, महागाचं लोखंड या साच्याला दिलं ते एका अटीवर. लांब जाणारी तबकडी निघाली तर तो ती बनवून विकणार, कारण बाजारात लांब जाणाराच माल खपतो असं त्याचं मत. लांबची नाही निघाली, तर तोच साचा थोडा कोरून त्यात टपाची झाकणं काढायची. एका केटररची ऑर्डर येऊन पडली आहे, माप जवळजवळ तेच. शुक्रवारी खेळणाऱ्यांनी तबकडी फेकून शेठसमोर प्रकार सांगायचा. शनिवारी सकाळी शेठ ठरवणार.

"एकदा कोरला की मोल्ड गेला," प्रज्ञा म्हणाली. "परत लोखंड कोण देतंय मला."

पोरगी रात्री जेवली नाही नीट. माझ्या मनात आलं, माणसाची जात विचारणारे मी आयुष्यभर बघितले. ताटलीची जात ठरवायला बसणारे पहिल्यांदाच बघणार.

उल्हासनगर

दुसऱ्या दिवशी मी प्रज्ञाबरोबर कारखान्यात गेले. शेवंता नको म्हणत होती, मी ऐकलं नाही. घरात बसून भिंती बघायला मी एवढ्या लांब गेले नव्हते.

उल्हासनगरला नाव आहे पण पत्ता नंबरानं सांगतात. चार नंबर, पाच नंबर. मी रिक्षावाल्याला विचारलं, एक नंबर कुठाय? तो म्हणाला, "वो उधर, कल्याणच्या साईडला." एका वाक्यात दोन भाषा, आणि त्याला त्याचं काही वाटलं नाही. तिथं सगळे तसंच बोलतात. रस्त्यानं जीन्सच्या पँटींचे ढीग, लाकडी पलंग, कपाटं, दुकानाबाहेर मांडलेली. एका नाल्याचं पाणी निळंभोर दिसलं. मी म्हटलं, काय सुंदर पाणी! प्रज्ञा म्हणाली, आजी, तो पँटींचा रंग आहे. वास आल्यावर पटलं.

लछूशेठ जाडजूड माणूस. सत्तरीच्या आसपासचा, पांढरा सफारी, पायात चप्पल. आईबापांबरोबर सिंधमधून आलेला, तेव्हा कडेवर होता म्हणे. मला बघून उठून उभा राहिला आणि म्हणाला, "आओ अम्मा, बैठो." बसल्याबरोबर पुढ्यात पाण्याचा ग्लास आणि भाजलेला पापड आला. आमच्याकडं उन्हातून आलेल्याला गूळ-पाणी देतात. मी पापडाकडं बघत बसले. वाटलं, जेवायला वाढतायत आणि भात मागाहून येणार. बराच वेळ भात आला नाही. प्रज्ञा कानात म्हणाली, "आजी, खा. सिंध्यांकडे पाहुण्याला पापड-पाणीच देतात." खाल्ला. चांगला मिरमिरीत होता आणि उन्हात पाणी गोड लागलं. गूळ-पाण्यापेक्षा वाईट नाही.

मशीन सुरू करायच्या आधी साच्याला हार घातला, कुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली, नारळ फोडला. नव्या साच्याचा मुहूर्त असाच करतात. प्रज्ञा बाजूला हात बांधून उभी होती. आम्ही बौद्ध. मुहूर्त बघत नाही आणि पाळत नाही. पण दुसऱ्याच्या घरात दुसऱ्याची रीत. मी पण गप्प उभी राहिले आणि खोबरं मात्र घेतलं.

मशीन घर्रर्र झालं, साचा उघडला, आणि पिवळी ताटली टपकन खाली पडली. शेठनं ती दोन्ही हातांनी उचलली. गरम होती, हातातल्या हातात नाचवली. मग कुंकवाचा टिळा तिच्या पाठीवर लावून प्रज्ञाच्या हातात दिली.

"ये मुहूरत का पीस है. शुक्रवार को इसीको उडाना. बाकी एक भी पीस बाहर नहीं जाएगा, जब तक ठप्पा तय नहीं होता."

ठप्पा म्हणजे तबकडीवर छापायचं नाव आणि प्रकार.

मशीन चालूच होतं. पिवळ्या ताटल्या एकामागं एक पडत होत्या. सुरुवातीच्या पोत्यात टाकल्या, नंतरच्या पेटीत रचल्या. मी बसल्या जागेवरून बघत होते. मला शेवंताचा मोठा हंडा आठवला, उघडाच असतो तो.

"शेठ, मला एक द्या," मी म्हटलं.

"अम्मा, अभी बोला ना, बाहर नहीं जाएगा."

"मला खेळायची न्हाई. हंड्यावर झाकायला पायजे."

शेठ आधी बघत राहिला आणि मग पोट धरून हसला. "प्रज्ञा, तेरी दादी तो मुझसे बड़ी बनिया है! ठीक है. ढक्कन समझ के ले जाओ. ढक्कन पे कोई बंदी नहीं." आणि पेटीतली वरची एक काढून त्यानं माझ्या पिशवीत टाकली.

येताना प्रज्ञानं हसत सांगितलं की शेठनं स्वतः एकदा ड्रायव्हर फेकून बघितली होती, कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत. जोर लावून फेकली, ती डावीकडं वळली आणि थेट निळ्या नाल्यात. तेव्हापासून तो लांबच्या तबकडीचं कौतुक करतो, पण हात लावत नाही.

अंबरनाथ

गुरुवारी सकाळी शेवंतानं मला जुनं दगडी देऊळ दाखवलं. काळा दगड, बारीक नक्षी, आत उतरायला पायऱ्या. कोरणाऱ्यांचे हात चांगले होते. हात जोडणाऱ्यांनी हात जोडले, मी दगड बघितला. बाहेर बोरं घेतली, ती किडकी निघाली. देवळाबद्दल एवढंच.

संध्याकाळी खरी करमणूक झाली. प्रज्ञाचे दोन सोबती तबकडी बघायला घरी आले. एक पाटकर. जहाजावर नोकरी करून निवृत्त झालेले, बदलापूरला राहतात. हा खेळ त्यांनीच परदेशी बघून इकडं आणला. बोलणं एकदम मोजूनमापून. दुसरा किसन, सोनिवलीचा. त्याच्या घरची भातशेती होती, निम्मी बिल्डरला गेली. तो आता मोल्डिंगच्या मशीनवर असतो, दुसऱ्या कारखान्यात. त्याच्याच उरलेल्या माळावर हे खेळतात.

मधे चटई, चटईवर पिवळी तबकडी, आणि भोवती तिघं. शेवंतानं चहा ठेवला. बोलणी कानावर पडतील तशी मी ऐकत होते.

पाटकरांनी काडेपेटीतली काडी काढून तबकडीच्या काठाला लावली. नखानं खूण केली. "काठ रुंद आहे. मिडरेंजचा काठ इतका नसतो. काठावरून ही ड्रायव्हर."

"काका, काठ बगून काय व्हतंय?" किसन म्हणाला. "उडल कशी ते बगा. मना तं ही मधलीच वाटते. पोट बगा ना तिचा, कवढा फुगलाय."

"प्रकार काठावरून ठरतो, किसन. सगळ्या जगात."

"सगल्या जगात माजा माळ नाय ना."

"अरे, नियम माळ बघून नसतो."

"मग बैलाची जात तुमी शिंगं मोजून ठरवाल. मी त्याला नांगराला जुपून बगन."

प्रज्ञा हसली पण लगेच गंभीर झाली. "मी काढताना मिडरेंज डोळ्यांसमोर नव्हती. काठ मुद्दाम रुंद ठेवलाय. लांब जायला पाहिजे. गेलीच पाहिजे."

पाटकरांनी तबकडी फरशीवर ठेवली. ती डुगडुगली. एका बाजूनं टेकली, दुसऱ्या बाजूनं उचललेली. आमच्याकडं नवं ताट असं डुगडुगलं तर तांबटाला परत देतात.

"ही वाकडी हाय," मी म्हटलं.

किसननं वर पत्र्याकडं बघितलं. पाटकरांनी चहाची बशी उचलली. प्रज्ञा म्हणाली, "आजी, फरशी वाकडी असेल."

शेवंता स्वयंपाकघरातून ओरडली, "माझ्या फरशीला नावं ठिवू नगं. गेल्या साली घातलीया."

तबकडीच्या पाठीवर कुंकू तसंच होतं. पाटकरांनी ती परत रुमालात गुंडाळली, कुंकू पुसू नये अशा बेतानं. निघताना दारात परत काठावरून सुरू झालं आणि गल्लीच्या टोकापर्यंत आवाज येत राहिला. शेवंता म्हणाली, "आक्का, हे असंच. एकदा एक ताटली पटर का मधली म्हणून दोघं आठवडाभर बोलत नव्हते."

जांभूळवरून सोनिवली

तिकडं कारखान्यांना सुट्टी शुक्रवारी असते. विजेचा भार वाटून घ्यायचा म्हणून तशी केली म्हणे. आमच्याकडं बाजाराच्या दिवशी सगळं बंद आणि बाजार चालू, तसं तिकडं शुक्रवारी भोंगे बंद आणि माणसं चालू.

सकाळी लवकर शेवंतानं आणि मी मिळून ज्वारीच्या भाकरी केल्या. सुकटाची चटणी केली, वांग्याची भाजी केली आणि भाजी मोठ्या पातेल्यात घेतली. पातेल्याचं झाकण सापडेना. शेठनं दिलेली पिवळी ताटली माझ्या पिशवीतच राहिली होती, ती काढून पातेल्यावर ठेवली, फडक्यानं गच्च बांधली. बरोबर बसली. शेवंता म्हणाली, "हंड्याला आणली आन् भाजीवर घातलीस व्हय?" मी म्हटलं, हंडा आजचा दिवस उघडा राहिला तर मरत नाही.

आम्ही तिघी टमटममधून निघालो. जांभूळ नावाच्या गावाच्या बाजूनं गेलो. तिथं पाण्याचं मोठं काम आहे, कारखान्यांना पाणी तिथून जातं. मोठमोठे लोखंडी पाइप रस्त्याच्या कडेनं पडलेत. एका पाइपला गळती होती आणि तिथं बायका धुणं धुत होत्या, पोरं अंघोळ करत होती. मला आमचं गाव आठवलं आणि राग आला. एवढं पाणी नुसतं गळतंय आणि कुणाला काही नाही. टमटमवाला म्हणाला, "आजी, इथं गळतं म्हणून यांचं भागतं." त्याचं खरं होतं. पण राग गेला नाही.

मधे माझी चप्पल खड्ड्यात टमटमबाहेर पडली. टमटम थांबली, आणायला गेले तर एक कुत्रं ती घेऊन बसलं होतं. दिली त्यानं, पण चपलेचा अंगठा चावून. पुढचे सगळे दिवस सेफ्टी पिन लावून चालले.

सोनिवलीत एका बाजूला नव्या इमारती उभ्या राहतायत, फलकांवर हसणारी माणसं, आणि दुसऱ्या बाजूला किसनचा माळ. भात कापून झालेलं शेत, कडेला करवंदीच्या जाळ्या, दोन मोठी जांभळीची झाडं. फळं अजून हिरवी होती. ऊन असं की डोक्यावर तवा ठेवल्यासारखं. किसनची आई तांदळाच्या पांढऱ्याशुभ्र भाकरी घेऊन आली. मी म्हटलं, ही भाकरी आहे का कागद? ती म्हणाली, "खाऊन बग ना बाय." खाल्ली. मऊ होती, पण पोटाला कळत नाही. आमची ज्वारीची खाऊन तिनं तोंड वाकडं केलं. बरोबरी झाली.

शेठ त्याच्या व्हॅनमधून आला. डोक्यावर ओला नॅपकिन. खुर्ची घेऊनच आला होता. जांभळीखाली बसला.

"चलो, उडाओ."

पहिली फेक प्रज्ञाची. ती पळत आली, गर्रकन वळली, हात सोडला. तबकडी थोडी सरळ गेली, मग उजवीकडं कलली, उभी झाली, जमिनीवर चाकासारखी गडगडत करवंदीत शिरली. किसननं काढून आणली. हाताला ओरखडे.

"वारा होता," पाटकर म्हणाले. वारा कुठं होता? जांभळीचं पान हलत नव्हतं.

पाटकरांनी फेकली. परत कलली, परत करवंदीत. "माझा खांदा दुखतोय जरा." किसननं फेकली. तीही तिथंच. "आज हात घामेजलाय."

परत परत फेकली. आणखी खेळणारे आले होते, त्यांनी पण फेकली. प्रत्येकाला काहीतरी कारण. कुणाच्या डोळ्यात ऊन गेलं, कुणाचा पाय घसरला. आणि प्रत्येक जण ती उचलताना कुंकवाच्या बाजूला बोट लागू नये म्हणून काठावरूनच चिमटीत धरत होता. प्रज्ञाचा चेहरा उतरत चालला होता. ती आता फेकत नव्हती, नुसती बघत होती.

शेठ खुर्चीतून उठला. त्याला पण वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "बेटा, ये न लंबी है, न बीच की. ये तो कुछ नहीं है. छोड़ो. कल ढक्कन चालू करते हैं."

प्रज्ञा म्हणाली, "ठीक है शेठ." एवढंच. पोरगी रडणाऱ्यातली नाही, आमच्या घरात कुणी नाही. पण तिनं बूट काढले आणि मोजे झाडायला लागली, नुसतेच, माती नसताना.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काय हो, तुम्ही सगळे कारखान्यात काम करता ना? तवा तापायच्या आधी टाकलेली भाकरी कधी नीट होते का? पहिली भाकरी वाकडीच होते. आम्ही ती कोंबड्यांना घालतो. तुमची ही पहिली ताटली, थंड साच्यातली. सकाळपासनं हीच काय फेकताय?"

किसन हळूच म्हणाला, "आजे, आमाला ठाव हाय. पैले पीस आमी पन पोत्यातच टाकतो. पन शेठनी नारल फोडला व्हता ना तिच्यावर."

"मला वाटलं पाटकरकाका बोलतील," प्रज्ञा म्हणाली.

"मी कसं बोलणार? मुहूर्ताचा पीस," पाटकर म्हणाले. "मला वाटलं शेठच म्हणतील."

शेठनं नॅपकिननं तोंड पुसलं. "अरे, मैं मालिक हूँ, मुझे क्या मालूम नहीं, पहला माल कैसा होता है? मुझे लगा, तुम लोगों को चल रहा है." सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत होते. मला हसू आलं आणि मी हसले.

"दुसरी हाय की," मी म्हटलं, आणि पातेल्याचं फडकं सोडायला बसले. गाठ शेवंतानं मारलेली, सुटता सुटेना. दातानं सोडली. पिवळी ताटली निघाली, आतल्या बाजूला वांग्याचा रस्सा. लुगड्याच्या पदरानं पुसून मी ती प्रज्ञाला दिली.

तिनं बूट न घालताच फेकली. अनवाणी, न पळता, उभ्या जागेवरून. तबकडी निघाली ती सरळ. उजवीकडं नाही, डावीकडं नाही. पाण्यावरून बगळा जावा तशी खालून खालून गेली आणि टोपलीच्या अलीकडं अलगद बसली. गडगडली नाही.

एकदम आरडाओरडा. मग सगळ्यांनी ती फेकली. पाटकरांच्या जोरकस फेकीनं पण ती फार लांब गेली नाही, पण सरळ गेली. किसननं वाकडी फेकून बघितली तरी तिनं आपली वाट सोडली नाही. मग भांडण परत सुरू झालं, पण आता खरं.

"गेली ना लांब? मग ड्रायव्हर," पाटकर म्हणाले.

"काका! तुमची रोजची ड्रायव्हर त्या बांदाच्या पलीकडं जाते. ही अलीकडं पडली."

"काठ बघ."

"बांद बगा."

शेठ मधे आला. "एक बात बोलो. ड्रायव्हर है, या नहीं है?"

सगळे थांबले. किसननं पाटकरांकडं बघितलं आणि पाटकरांनी किसनकडं. मग जो किसन दोन दिवस मधली मधली म्हणत होता तो म्हणाला, "हाय शेठ. ड्रायव्हरच हाय. पक्की." पाटकर म्हणाले, "काठावरून तर नक्कीच." बाकीच्यांनी पण माना हलवल्या. भांडण मिटलं, ते प्रज्ञाचा साचा वाचावा म्हणून. मलाही वाटलं, बरं झालं. एवढ्याशा खोट्यानं कुणाचं काय जातंय.

"नाही शेठ," प्रज्ञा म्हणाली. "मिडरेंज आहे."

"पोरी!" पाटकर म्हणाले.

"काका, काठ ड्रायव्हरचा आहे, ते मीच काढलंय. पण जाते मधल्यासारखी. मला लांबची पाहिजे होती, ती झाली नाही. लांबची म्हणून छापली आणि लोकांनी फेकली, तर पहिल्याच दिवशी म्हणतील, ही कसली लांबची? मग माझी दुसरी कोण घेईल?"

शेठनं हात पुढं केला आणि म्हणाला, "इधर दो." त्यानं चप्पल काढली, सफारीचं वरचं बटण सोडलं. किसननं त्याला उभं कसं राहायचं ते दाखवायला सुरुवात केली, शेठ म्हणाला, "हट." आणि फेकली. त्याच्या पोटामुळं हात पुरता वळत नव्हता, तरी तबकडी सरळ निघाली आणि सरळच जाऊन पडली. फार लांब नाही. पण जिथं बघून फेकली तिथं.

शेठ बघतच राहिला. "सीधी गई," तो म्हणाला. मग परत, "सीधी गई, साईं!"

तो स्वतः चालत जाऊन ती घेऊन आला आणि परत फेकली. परत सरळ. परत गेला. घामानं सफारी पाठीला चिकटली तरी थांबेना. भाजी उघडी पडली होती, त्यावर माशा बसायला लागल्या, म्हणून मी ओरडले, "शेठ, माझं झाकण!"

"अम्मा, तुम्हारा ढक्कन मैं नहीं देता अब," तो म्हणाला. मग जांभळीखाली बसून भाकरी आणि सुकटाची चटणी खाता खाता त्यानं हिशोब मांडला, तोंडीच. सकाळी त्याच्याबरोबर मैदानावर फिरायला येणारे सगळे त्याच्यासारखेच, डॉक्टरनं चालायला लावलेले. लांबची त्यांना फेकता येत नाही. ही येईल. "लंबा फेंकनेवाले कितने हैं इस मुल्क में? और मेरे जैसे कितने हैं?"

"मग ढक्कन?" प्रज्ञानं विचारलं.

"ढक्कन तो गली में कोई भी बना देगा. बरसात तक मोल्ड रहने दो. माल उठा तो ठीक. नहीं उठा तो बरसात के बाद ढक्कन." एवढं बोलून त्यानं आणखी चटणी मागितली. शेवंतानं वाढली.

कायमचं वचन त्यानं दिलं नाही. पावसाळ्यापर्यंतचं दिलं. पण प्रज्ञाला तेवढं बस झालं. ती दोन भाकरी जास्त जेवली. आमची ज्वारीची आणि वर किसनच्या आईची कागदाची.

मग ठप्प्यावर काय छापायचं यावरून नवं भांडण लागलं. मिडरेंज हे ठरलंच होतं, आता नाव पाहिजे होतं. पाटकरांनी समुद्रावरच्या वाऱ्यांची इंग्रजी नावं सांगितली. किसन म्हणाला, त्याच्या बैलाचं नाव द्या. प्रज्ञानं दोघांचं ऐकून घेतलं आणि पातेल्याकडं बघून म्हणाली, "झाकण."

कुंकू लावलेला पीस शेठनं व्हॅनच्या पुढच्या काचेजवळ देवाच्या तसबिरीपाशी ठेवला. जाताना मला म्हणाला, पुढच्या साच्याला नारळ साचा गरम झाल्यावर फोडणार.

घरी

मी निघाले त्याच्या आदल्या दिवशी प्रज्ञा कारखान्यातून आली ती ठप्पा मारलेली तबकडी घेऊन. पिवळ्यावर लाल अक्षरात 'झाकण', आणि खाली बारीक 'मिडरेंज'. एक मला, एक शेवंताला. शेवंतानं तिची लगेच मोठ्या हंड्यावर ठेवली. जरा लहान पडली, आत बुडली. ती अजून मोठ्या हंड्याचं झाकण शोधते आहे.

माझी मी इथं आणली. पहिल्या दिवशी शेजारणी जमल्या, हातातून हातात फिरली. कुणी म्हणालं परात आहे, कुणी म्हणालं सुपारीचं तबक. मी सांगितलं ही फेकायची असते, तर कुणाला पटेना. म्हणून खळ्यात उभी राहिले आणि फेकली. सरळ गेली, गव्हाणीपाशी पडली.

धोंडाबाई म्हणाली, "एवढीच जाती व्हय? ह्याच्यापेक्षा लांब जाणारी न्हाई मिळाली?"

मी म्हटलं, मिळत होती. पण ती आणायला कोण गेलं असतं, तू?

आणि चालत जाऊन माझी मीच घेऊन आले.